मोजणी : राजश्री

बुधवार, ५ मार्च २०२५

अबोल नवऱ्यांच्या बायकांनो,

या देशात तुमच्याएवढा मोठा वर्ग नाही आणि तुमच्याएवढा विखुरलेलाही नाही. तुमची-माझी तक्रार एकच आहे. तीस-तीस वर्षं आपण एका माणसासमोर जेवायला बसतो आणि तो आपल्याला काही सांगत नाही. कंपनीत काय झालं, सांगत नाही. कुठे दुखतंय, सांगत नाही. आमटी खारट झाली तर जास्त पाणी पितो, आणि त्यावरून आपण ओळखायचं. तोंड उघडण्याच्या हक्कासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी काय सोसलं, ते मी तुम्हाला तासभर सांगू शकते. हे लोक तो हक्क वापरतच नाहीत.

इथवर लिहून थांबले. हे भाषण आज कुणापुढे करता येणार नाही. घशाच्या डॉक्टरांनी सकाळी पडद्यावर माझ्या स्वरतंतूंवरच्या दोन गाठी दाखवल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. पंचवीस तारखेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मी कागदावर लिहिलं, "आणि चौदा एप्रिलची जयंती?" ते म्हणाले, "ताई, आता गप्प बसलात तर या जयंतीला थोडं बोलाल. नाहीतर पुढच्याही नाही."

पस्तीस वर्षं एप्रिलचा प्रत्येक दिवस मी कुठल्या ना कुठल्या मंचावर उभी राहिले. तुर्भे, घणसोली, ऐरोली. नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची केली, पण लोक मला राजश्रीताई म्हणून ओळखतात ते त्या भाषणांमुळे. क्रांती पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, तू नुसती ऐक. बोलली नाहीस तर तू फुटशील, मला माहितीये. वहीत लिही." लेकीचं ऐकलं.

नवऱ्याला, सुगतला, चिठ्ठी दाखवली : "वीस दिवस मौन." त्याने वाचली, घडी केली, खिशात ठेवली.

"बरं," म्हणाला.

शुक्रवार, ७ मार्च

घरात आता दोघंही गप्प. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

सुगत जानेवारीत निवृत्त झाला. रबाळ्याच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं बेअरिंगची मापं तपासली. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो, बायकोच्या कपाळावरची आठी कळत नाही. तो महाडकडचा, मी लातूरची. लग्नात मी जाहीर केलं होतं की नवऱ्याला नावाने हाक मारीन. सासरची मंडळी खवळली. तो एवढंच म्हणाला, "नावच आहे ना." मला तेव्हा वाटलं होतं, किती पुरोगामी माणूस. आता वाटतं, त्याला फक्त वाद टाळायचा होता.

आज त्याला सहा चिठ्ठ्या दिल्या. डाळ संपली. गॅसचा नंबर लाव. तू काय विचार करतोयस? शेवटच्या चिठ्ठीला उत्तर आलं नाही.

रविवार, ९ मार्च

बुधवारी आणि रविवारी चार वाजता तो बोनकोड्याला पंढरीशेठकडे जातो. गेली वीस-बावीस वर्षं. मी धरून चालले होते की चार म्हातारे कॅरम खेळत असतील. आज चिठ्ठी दिली : "मीपण येते." तो एका पायात चप्पल घालून जरा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "चल."

ग्रिलच्या दुकानावर पहिला मजला, लोखंडी जिना. आत पूल नावाच्या, बिलियर्डसारख्या खेळाची दोन टेबलं. एकाचं कापड फाटलंय, त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. दुसरं हिरवंगार, वर लांब दिवा. पंढरीशेठ इथले मूळचे, सत्तरीचे. त्यांच्या वडलांची भातशेती होती तिथे आता ही इमारत आहे. अर्धी चड्डी, गळ्यात जाडजूड साखळी. मला बघून ते उठूनच उभे राहिले.

"आली का वैनी. वीस वर्सं वाट बघतोय आमी." मग सुगतला : "खुर्ची पूस रं. बघत काय बसलायस?"

खेळ साधा आहे. पंधरा रंगीत बॉल त्रिकोणात लावायचे, लांब स्टिकने पांढरा बॉल मारून ते फोडायचे, आणि कुठला कडेच्या कुठल्या भोकात, म्हणजे पॉकेटात, जाणार ते आधी सांगून एकेक घालायचा. चौदा गेले की पंधरावा जिथे असेल तिथे ठेवून चौदांचा त्रिकोण पुन्हा लावायचा. मग तो पंधरावा असा घालायचा की पांढऱ्या बॉलने जाता जाता नवा त्रिकोण फुटावा. चुकेपर्यंत चालू. याला इथे सलग म्हणतात. प्रतिस्पर्धी नाही, आरडाओरडा नाही. बॉल गेला की पंढरीशेठ आकडा म्हणतात, एवढाच आवाज.

माझा नवरा टेबलाभोवती फिरत होता. मी त्याला कधी असं चालताना पाहिलेलं नाही. एखाद्या वक्त्याला विषय पूर्ण माहीत असावा तसा तो चालत होता.

एकाहत्तरला चुकला. माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "एकाहत्तर."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. हा माणूस वीस वर्षं रविवारी जेवायला बसताना मला एक आकडा सांगतो. "आज त्र्याण्णव." "आज एकशे चार." पंढरीशेठना मधुमेह, त्यांच्याकडे साखर तपासायचं मशीन आहे हे मला ठाऊक. मला वाटायचं हा तिथे बोट टोचून येतो आणि साखर सांगतो. मी म्हणायचे, "छान, आटोक्यात आहे."

सोमवार, १० मार्च

झोप लागली नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तो घरी आला, हात धुतले, ताटावर बसला आणि म्हणाला, "एकशे सव्वीस." चेहरा असा उजळून लाल झालेला की मला वाटलं, साखर वाढली म्हणून घाबरलाय. मी त्याच संध्याकाळी भात बंद केला. महिनाभर भाकरी आणि दुधीची भाजी. चहातली साखर गेली. त्याचा आवडता शिरा मी दिवाळीलाही केला नाही. तो मुकाट्याने जेवला.

आज सकाळी चिठ्ठी दिली : "तुला साखरेचा आजार आहे का?"

"नाय," म्हणाला.

"मग महिनाभर दुधी का खाल्लीस?"

त्याने विचार केला. "तू एवढं मनापासून करत होतीस."

बायकांनो, या वर्गाशी लढणं सोपं नाही.

रविवार, १६ मार्च

आज भिंत नीट पाहिली. वर पत्र्याची पाटी आहे, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं : "सलग १२७. पंढरी. डिसेंबर १९९८." खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी, दिव्याच्या झगमगाटात वाचता आलं नाही. हॉलचं नाव असेल.

सव्वीस वर्षं. सव्वीस वर्षं एका जमीनमालकाचं नाव त्याच्याच इमारतीतल्या भिंतीवर, आणि त्याखाली एक कामगार आठवड्यातून दोनदा घाम गाळतोय. मी या विषयावर आयुष्यभर बोलले आणि तो माझ्याच घरातून चालत तिथे जात होता. सुगतने हा आकडा मोडलाच पाहिजे. भिंतीवर कामगाराचं नाव आलंच पाहिजे.

आज तो एकशे एकोणीसपर्यंत गेला. मग समोरचा, वीतभर अंतरावरचा सोपा बॉल चुकवला. पंढरीशेठ त्याच्याकडे रोखून बघत राहिले. "परत?" म्हणाले. सुगतने खांदे उडवले.

घरी येऊन मी चिठ्ठ्यांचा मारा केला. "भीती हा आतला मालक आहे." "पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला शिकवलं गेलं की शेवटची पायरी आपली नाही." "तू त्याचा नोकर नाहीस." तो प्रत्येक चिठ्ठी चष्मा लावून वाचायचा, घडी करायचा आणि खिशात ठेवायचा. खिसा फुगला होता.

रविवार, २३ मार्च

पंढरीशेठचा मुलगा दिपेश आला होता. इमारत पाडून नवी होणार. "काकी, पप्पांना नव्या बिल्डिंगमध्ये मोठा फ्लॅट देतोय, टेन्शन नाय. पण टेबल कुठे ठेवणार? दगडाच्या तीन लाद्या आहेत कापडाखाली. द्रोणागिरीच्या एका गोदामवाल्याने घेतलंय, त्याच्या ड्रायव्हर लोकांना खेळायला. तेरा एप्रिलपर्यंत चालू. पंधराला माणसं येऊन खोलणार."

तीन आठवडे. सहा वेळा खेळायला मिळेल. मग हे टेबल नाही, आणि दुसऱ्या टेबलावर केलेला आकडा या भिंतीवर लागत नाही.

पंढरीशेठनी मला बाजूला घेतलं.

"वैनी, तुमी मोजा."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"पंचवीस तारकेला सुटतो ना आवाज? मंग मोजा. मी मोजाया बसलो का हा चुकतो. माझ्यासमोर त्याला होनार नाय."

बरोबरच आहे. मालकासमोर हात थरथरतो. खुद्द मालकानेच कबूल केलं, याचं मला आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी नियम सांगितले. मोजणाऱ्याने बॉल गेला की आकडा म्हणायचा. सलग संपेपर्यंत आकड्याशिवाय तोंडातून एक शब्द काढला, तर मोजणी बाद, पुन्हा एकपासून. खुर्चीतून उठला तरी बाद. "आदी लई भांडनं व्हायची. शंभर झाली का एकशेदोन, ह्यावरून मारामाऱ्या. म्हनून आमच्या भावानं नियम केला. मोजनाऱ्याचं तोंड म्हंजे मीटर."

सुगत मागे उभा राहून ऐकत होता. मी वळले तर म्हणाला, "जमेल?"

पस्तीस वर्षं मी हजारो लोकांपुढे बोलले, आणि हा मला विचारतो, जमेल?

मंगळवार, २५ मार्च

आवाज सुटला. दिवसाला वीस मिनिटं, हळू. पहिला शब्द काय बोलू याचा विचार करत घरी आले. सुगतने दार उघडलं. मी म्हणाले, "सुगत."

तो म्हणाला, "आं." आणि चहा टाकायला गेला. कपाटातून साखरेचा डबा काढताना मी त्याला पाहिलं. दोन चमचे टाकले, मग माझ्याकडे बघून तिसरा.

रविवार, ३० मार्च

पाडवा. खाली सोसायटीत गुढ्या, आम्ही चार वाजता बोनकोड्याला.

एक, दोन, तीन. सुरुवातीला माझाच आवाज मला अनोळखी वाटला. आकड्यात काय भाव भरणार? पण विसाच्या पुढे कळायला लागलं की सुगत ऐकतोय. मी घाईने म्हटलं तर तो थांबतो, स्टिकच्या टोकाला चॉकचा खडू घासतो. मी शांतपणे म्हटलं की पुढे जातो. आयुष्यात कुठल्याही सभेने माझा एकेक शब्द इतका ऐकलेला नाही.

अठ्ठ्याऐंशीवा बॉल त्याने दोन कडांना आपटवून कोपऱ्यात घातला. तो बॉल कडेकडेने असा काही लाजत-लाजत गेला की मी म्हणाले, "वा."

 पंढरीशेठनी कपाळावर हात मारला. "गेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा मिनिटं मी स्वतःच्या तोंडाला शिव्या दिल्या. आणि सुगत हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, स्टिकला धरून. क्रांतीच्या जन्मानंतर मी त्याला असं हसताना पाहिलेलं नाही.

"आमची बाय पन आशीच," पंढरीशेठ म्हणाले. "साठाला ओरडली, आई एकवीरा. पुन्ना एकपासून."

कोण बाय, ते मी रागाच्या भरात विचारलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

सोमवार-मंगळवार मौनाचा सराव केला. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, मधे काही बोलायचं नाही. मग समोरच्या बांधकामावरून जाणारे ट्रक.

आज मी चुकले नाही. शंभर झाले. एकशे दहा. एकशे वीस. एकशे सव्वीस. नऊ त्रिकोण संपले, दहावा लागला. पंधरावा बॉल घातला की एकशे सत्तावीस, म्हणजे बरोबरी, आणि पुढचा जाईल तो विक्रम. बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता. क्रांतीने लहानपणी तो घातला असता.

सुगतने वाकून नेम धरला, बराच वेळ धरला, आणि चुकला.

घरी मी माझी वीस मिनिटं एका दमात वापरली. सगळं बोलले. गुलामीबद्दल, मनातल्या साखळ्यांबद्दल. तो ताटं घासत होता.

"भीती नाय," म्हणाला.

"मग काय आहे?"

"पुसतात ते."

"काय पुसतात?"

"पाटी."

"पुसायलाच हवी," मी म्हणाले. "जुनी नावं पुसल्याशिवाय नवी लागत नाहीत. इतिहास असाच पुढे जातो."

तो ताट पालथं घालून निथळायला ठेवत होता. त्याने ते पुन्हा उचललं आणि पुन्हा घासलं. ते स्वच्छ होतं. मालकाबद्दलची ही दयाबुद्धी त्याच्या रक्तात किती मुरलीय, ते बघून मला रात्री वाईट वाटलं.

रविवार, ६ एप्रिल

आज लवकर गेलो. पाटीखाली स्टूल ठेवून मी वर चढले आणि बारीक अक्षरं वाचली. "मोजणी : शेवंताबाई."

"ही कोण?" मी खाली उतरून विचारलं.

"आमची मंडली," पंढरीशेठ म्हणाले. "डबा घेऊन आली होती माझा. मोजाया कुनी नवता, तिला बसवली. तिला शंबराच्या पुढं येत नवतं. एकशे एक, एकशे दोन, मी रोज रात्री शिकवली. करोनात गेली." त्यांनी टेबलाच्या कापडावरून हात फिरवला. "तुमच्या सुगतनं उचलली तिला. घरातली मानसं सुद्दा भीत होती जवल यायला."

हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी ऑनलाइन व्याख्यानं देत होते. सुगत एक दिवस बाहेर गेला होता आणि आल्यावर दोन आठवडे गॅलरीत झोपला होता. म्हणाला, "खोकला येतोय."

"आणि नवा आकडा झाला की ही पाटी पुसणार?"

"तसाच नियम हाय. पाटीवर एकच ओल लिव्हायची. आदी भावाचा होता, तो पुसून माझा आला."

माझं डोकं सणकलं. डॉक्टरांनी दिलेली मिनिटं गेली खड्ड्यात. मी म्हणाले, "अजिबात नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव नाही. दारावरच्या पाटीवर नाही. एका बाईचं नाव आयुष्यात एकदा एका पत्र्यावर आलं, तेसुद्धा तिच्या स्वतःच्या आवाजाच्या जोरावर, आणि ते तुम्ही रंग लावून झाकणार? कुणाचाही विक्रम असो, माझ्या नवऱ्याचा असो, ते नाव पुसलेलं मी चालवून घेणार नाही. पत्र्यावर खाली हातभर जागा आहे. खाली लिहा. ती ओळ तशीच राहील. शब्द द्या मला."

पंढरीशेठनी चष्मा काढून बनियनला पुसला. "खाली लिव्हू की, वैनी. दिला शब्द. मना कुनी कदी बोललाच नाय आसा."

मी सुगतकडे पाहिलं. या तत्त्वाच्या प्रश्नावर त्याने निदान मान तरी हलवावी. तो खिडकीकडे तोंड करून स्टिकला चॉक लावत होता. दोनदा, तीनदा, चारदा. त्याचं लक्ष नसावं.

जास्त बोलल्यामुळे घसा बसला. आज मोजणी नाही.

बुधवार, ९ एप्रिल

ऐरोलीच्या समितीचे शहाजी यांचा फोन. तेरा तारखेला संध्याकाळी सहाला माझं भाषण. या वर्षीचं एकमेव. डॉक्टरांनी अर्ध्या तासाची परवानगी दिलीय.

आणि तेरालाच हॉलचा शेवटचा दिवस.

हिशेब असा केला : तीनला सुरू, सव्वापाचला रिक्षा खाली उभी, पावणेसहाला ऐरोली. सुगतला सांगितलं. तो म्हणाला, "तू बोल. तुझं तेच आहे."

आज तो साठावर चुकला, पण वेगळा चुकला. घाईने. जणू काही त्याला आता पुढे जायचंय आणि पाय आधीच पुढे पडतोय.

रविवार, १३ एप्रिल

जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी त्याचं भाषण करीन.

पहिला प्रयत्न चाळीसला संपला. दुसरा नऊला. चार वाजून वीस मिनिटांनी तिसरा सुरू झाला. हॉलमध्ये आम्ही तिघंच. दिपेश येऊन दारात उभा राहिला, पंढरीभाऊंनी (आता मला त्यांना शेठ म्हणवत नाही) हाताने खूण करून त्याला जिन्यावर बसवलं.

मी पांढरी साडी नेसले होते, पर्समध्ये भाषणाचे मुद्दे. एकोणऐंशी झाले तेव्हा खाली रिक्षाने हॉर्न दिला. मग फोन थरथरायला लागला. मला कळत होतं शहाजी आहेत. मला त्या मंडपाच्या खुर्च्या दिसत होत्या, पुढच्या रांगेतल्या बायका दिसत होत्या ज्या दर वर्षी मी बोलायला उभी राहिले की पदर सावरून बसतात.

सुगतने बॉल घातला आणि सरळ उभा राहून माझ्याकडे पाहिलं. जा, असं तो म्हणणार होता. मला ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. नियमाप्रमाणे मी काही बोलू शकत नव्हते. मी जे बोलू शकत होते तेच बोलले.

"ऐंशी."

त्याने मान खाली घातली आणि पुढच्या बॉलकडे गेला.

हॉर्न वाजत राहिला, मग रिक्षा गेली. शंभर. एकशे बारा. माझा आवाज बारीक झाला होता, पण तो ऐकत होता. एकशे सव्वीस. पंढरीभाऊंनी त्रिकोण लावला, आणि या वेळी ते टेबलाजवळ थांबले नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

सुगतने नेम धरला नाही म्हणायला हरकत नाही. इतक्या सहज घातला. त्रिकोण फुटला, बॉल हिरव्यावर सगळीकडे उधळले.

"एकशे सत्तावीस," मी म्हणाले, आणि भिंतीवरचं बारीक नाव डोळ्यांसमोर आलं. शेवंताबाई, तुम्हीही इथवरच आला होतात. रात्री बसून शिकलेला आकडा.

पुढचा पिवळा बॉल, मधल्या पॉकेटात. गेला.

"एकशे अठ्ठावीस."

सुगतने स्टिक टेबलावर आडवी ठेवली. संपलं.

टेबलावर अजून सहा-सात बॉल अगदी समोर होते. सहज एकशे पस्तीस-चाळीस झाले असते. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "पुरे एक." दमला असेल. एकोणसाठ वर्षांचा आहे, जवळजवळ तीन तास उभा होता.

"बोला की आता, वैनी," पंढरीभाऊ म्हणाले.  "आता बोलाया मोकल्या हाव."

मी तोंड उघडलं.  पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर माणसं होती, प्रसंग होता, आणि माझ्याकडे शब्द नव्हता. मी उठून सुगतच्या बोटांना लागलेला निळा चॉक माझ्या पदराने पुसला.

पाटी पंढरीभाऊंनी स्वतः रंगवली. अक्षरं वाकडी आली. जुन्या ओळीखाली : "सलग १२८. सुगत. मोजणी : राजश्री."

शहाजींना फोन केला. ते संतापले होते. "ताई, आवाज गेला का तुमचा?" मी म्हणाले, "नाही भाऊ, आहे. आज दुसरीकडे लागला."

घरी शिरा केला, साखर भरपूर. सुगत जेवायला बसला, मला बसू दिलं, आणि म्हणाला, "एकशे अठ्ठावीस."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मीच मोजले."

"तरी," तो म्हणाला.

मंगळवार, १५ एप्रिल

काल जयंतीच्या मिरवणुकीत मंचावर न जाता मी सुगतच्या बरोबरीने चालले. तो वाटेत तीन वाक्यं बोलला. तिन्ही मला पाठ आहेत, ती मी इथे लिहिणार नाही.

आज टेबल खोललं. आधी कापड निघालं, मग दगडाच्या तीन लाद्या चौघांनी उचलून जिन्यावरून उतरवल्या. पाटी पंढरीभाऊंनी टॉवेलात गुंडाळून घरी नेली. सुगतने त्याच्या स्टिकची लांब पिशवी माझ्या हातात दिली आणि तो लादी धरायला गेला. पिशवी फुगलेली वाटली म्हणून मी चेन उघडली.

आत माझ्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्या. तारखेवार लावलेल्या, रबर बँड घातलेल्या. डाळ संपली. भीती हा आतला मालक आहे. गॅसचा नंबर लाव. मी मोजल्या, सवय लागलीय आता. एकशे तीन.

त्यात "तू काय विचार करतोयस?" या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने, त्याच्या मापं लिहायच्या बारीक अक्षरात, लिहिलं होतं : "तू कधी येशील."

ही चिठ्ठी सात मार्चची. मी नऊला गेले.

अबोल नवऱ्यांच्या बायकांनो, पाच मार्चला मी तुमच्यापुढे जे भाषण सुरू केलं ते अर्धवट राहिलं होतं, ते संपवते. आपली तक्रार खरी आहे, मी ती मागे घेत नाही. पण एक काम करा. परवावर टाकू नका. आज जेवताना तो जे एकच वाक्य बोलेल, हवेबद्दल, कुठल्या आकड्याबद्दल, कशाहीबद्दल, त्यावर "छान" म्हणू नका, "बरं" म्हणू नका. हातातला घास खाली ठेवा आणि त्याला विचारा, हे कशाबद्दल आहे. आणि मग, बायांनो, मी सांगतेय म्हणून, गप्प बसा.